गळ्यातली हौसाबाई

माझ्या आईच्या गळ्याच्या खळीखाली, जिथं दोन्ही हाडं एकमेकांजवळ येतात तिथं, कातडीचा एक लहानसा भाग वेगळा होता. चिंचोक्याएवढा. वरची बाजू सरळ, खालची किंचित गोल. रंगानं बाकी गळ्यापेक्षा फिकट आणि बोट फिरवलं तर गुळगुळीत, जणू त्या जागेवरून ऊन कधी गेलंच नव्हतं. मी तो पहिल्यांदा नीट पाहिला तो तिच्या पदराला माइक अडकवताना.

"हलू नकोस, आई."

"मी कुठं हलतेय? तुझाच हात हलतोय."

खरं होतं. माइकचा चिमटा बारीक होता आणि माझा चष्मा आत राहिला होता.

रेकॉर्डिंगची कल्पना जयसिंगदादाची. आईची पंचाहत्तरी जवळ आली होती. दादा तालुक्याच्या हायस्कूलात मुख्याध्यापक. त्याला कार्यक्रम आवडत, सत्कार आवडत, आणि कुठलीही गोष्ट वेळेत पार पडलेली आवडे. आईच्या आठवणी तिच्याच आवाजात घ्यायच्या, त्यांची सीडी करायची आणि पंचाहत्तरीला येणाऱ्या भावकीतल्या प्रत्येक घराला एक द्यायची, असं त्यानं ठरवलं. मी कोल्हापुरात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. यंत्रं हाताळायची सवय आहे म्हणून हे काम माझ्याकडे आलं. दिवाळीच्या सुट्टीत मी वारणाकाठच्या आमच्या गावी आले, आणि रोज दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघी मधल्या खोलीत बसू लागलो. तोपर्यंत माहेर, शाळा, बेचाळीसची गडबड आणि पुरात वाहून गेलेली शेळी एवढं झालं होतं. त्या दुपारी लग्नाची पाळी होती.

"इथं काय झालंय गं तुझ्या?" मी त्या फिकट जागेवर बोट ठेवलं.

आईनं स्वतः चाचपून पाहिलं. "हौसाबाई बसायची न्हवं का तिथं. बसून बसून घट्टा पडलाय."

हे सांगायला हवं. आमच्याकडे बिजवराला मुलगी दिली की तिच्या गळ्यात नवऱ्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोचा टाक घालतात. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकून काढलेली. गेलेलीचा जीव घरात घुटमळू नये, नव्या नवरीला तिनं त्रास देऊ नये, म्हणून. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाचा पहिला घास टाकाला दाखवायचा. लहानपणी मला वाटायचं की हौसाबाई ही एक छोटी देवी आहे, ती आईच्या गळ्यात राहते आणि आमच्या घरातली सगळी नवी लुगडी आधी नेसते. मोठी झाल्यावर कळलं की ती आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पहिली बायको. तापानं गेलेली. एवढंच. आदल्या वर्षी आबा वारले, आईच्या गळ्यातलं उतरलं, आणि त्याबरोबर टाकही उतरला. तात्यांनी, म्हणजे आबांच्या धाकट्या भावानं, तो देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

"यंत्र चालू हाय?" आईनं विचारलं.

"अजून नाही."

"मग कर."

मी बटण दाबलं. तांबडा ठिपका लागला.

"लग्नाचं सांग, आई."

"काय सांगायचं? ह्यांचं पहिलं लग्न झालेलं. माझ्या बापाला सांगितलं, पहिली वारली. बापानं दिली मला." ती थांबली. मग तांदूळ निवडून झाले असं सांगावं त्या आवाजात म्हणाली, "ती वारली नव्हती, माले. अजून हाय."

मी यंत्राकडे पाहिलं. आवाजाच्या पट्ट्या नेहमीसारख्या वर आल्या आणि खाली गेल्या.

"कोण अजून आहे?"

"हौसाबाई. डोंगरापल्याड, भावाच्या घरात. भाऊ गेला, आता भाच्याजवळ असती. माझ्यापेक्षा थोडी थोरली. दात सगळे हायेत म्हणं."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच."

मी हात मांडीवरच ठेवले. आमच्या कामात एक शिकवण असते, की मोजमाप चालू असताना पात्राला हात लावायचा नाही. आईनं पदर सारखा केला. माइकवर खसखस झाली.

"तुझ्या येळंला तालुक्याच्या दवाखान्यात होते मी," ती म्हणाली. "पोरगी झाली म्हणल्यावर सासूबाई दुसऱ्या दिवशी गाडीत बसून गावाला गेल्या. म्हशीची धार काढायची हाय म्हणल्या. म्हस आटलेली होती. मी एकटी. शेजारच्या खाटंवर एक बाळंतीण आणि तिच्यापाशी तिची नणंद. उंच बाई. बोलली की भांडी वाजल्यासारखी. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. भावजयीला पेज आणली की त्यातली अर्धी माझ्या वाटीत घालायची. मी नको म्हणलं की म्हणायची, 'गप. बाळंतिणीनं लाजायचं नसतं, ओरपायचं असतं.' तुला बी घ्यायची. तू रडायचीस, तिच्याकडं गेलीस की गप."

"मग?"

"मग एकदा सहज इचारलं, कुठलं गाव? मी सांगितलं. कुणाच्या घरातली? सांगितलं. तर बघत बसली माझ्या गळ्याकडं. म्हणली, 'ह्यो कुणाचा टाक गं?' म्हणलं, सवतीचा. माझ्या लग्नाआधी वारली. 'कशानं?' म्हणलं, तापानं. 'नाव?' म्हणलं, हौसाबाई."

आईच्या ओठाचा कोपरा हलला.

"मग ती हसाय लागली, माले. अशी हसाय लागली की नर्स ओरडली. तोंडात पदर कोंबला तरी थांबंना. मग उठली, माझ्या खाटंवर येऊन बसली, टाक चिमटीत धरला, इकडून तिकडून बघितला आणि म्हणली, 'नाक बरोबर न्हाई काढलं मुडद्यानं.'"

मला हसावं की काय करावं कळेना. रेकॉर्डिंगवर त्या जागी माझा एक आवाज आहे. तो हसण्याचा नाही आणि कशाचाच नाही.

"तिनंच समदं सांगितलं. तिला पोर होईना. सासूबाई म्हणल्या, तुझ्यावर दुसरी आणतो. ती म्हणली, आणा, पण मग मी न्हाई. विहिरीवर गेली, भरलेली घागर काठावर ठेवली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोंगर चढून माहेरी गेली. आणायला माणसं गेली तर दारातनंच माघारी लावली. आता इकडं दुसरी सोयरीक करायची, तर जित्या सवतीवर पोरगी कोण देणार? कायदा बी आलेला. मग उठवलं, की मेली. माझा बाप काय कमी न्हवता. त्यानं इचारलं, मेली तर टाक कुठाय? मेलेलीचा टाक असणारच. म्हणून हे लोक सोनाराकडनं टाक करून घेऊन आले."

"जिवंत बाईचा?"

"जित्या बाईचा. जित्याचा टाक केला तर ते माणूस साल काढत न्हाई म्हणत्यात. मी तिला म्हणलं, बाई, तुला भ्या न्हाई वाटत? तर म्हणली, 'मला माराय केला खरा, पण तू भाबडी सणावाराला पुरणपोळी चारतीस. बघ की, कशी झालेय.'"

आता मात्र मी हसले. आईपण हसली. बराच वेळ. ते सगळं त्या फाइलीत आहे. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण तिचं ते हसणं मला हवं तेव्हा ऐकता येतं. पुढं खोकला आहे, मग तांब्याचा आवाज.

"तू घरी येऊन बोलली नाहीस?"

"तिनंच बजावलं. म्हणली, 'मी मेलेय ती बरी हाय. जिती झाले की भाऊ उद्या मला नांदाय धाडंल. मेलेल्या बाईला कोण नांदाय धाडतंय? आणि मी जिती झाले, तर तुझं लग्न राहत न्हाई. पदरात दोन पोरं हायेत तुझ्या. तू गप, मी गप.'"

"आणि तू गप राहिलीस."

"तोंडानं," आई म्हणाली.

मग तिनं लुगड्यांची गोष्ट सांगितली. दिवाळीला आबांनी तिच्यासाठी लुगडं आणलं, तशी ती सासूसमोर जाऊन बसली आणि म्हणाली, की हौसाबाई स्वप्नात आली होती. म्हणते, तुझं नेसतं लुगडं माझ्या अंगाला लावू नको, मला माझं वेगळं पाहिजे.

"सासूबाईंचं तोंड बघाय पाहिजे होतंस. ती मेली न्हाई हे त्यांच्यासारखं कुणाला ठाऊक! पण मेलेली बाई स्वप्नात येत न्हाई असं म्हणायची सोय कुठं होती? त्यांनीच मारलेली. तोंडात तपकीर धरून बसल्या जरा वेळ, मग म्हणल्या, 'आण बाई एक वेगळं. उगा घरात इडापिडा नको.' टाकाच्या नावानं आणलेलं लुगडं घरात ठेवायचं नसतं, सवाष्णीला द्यायचं असतं. म्हणलं, मी देते. हौसाबाईसारखी सवाष्ण मला कुठं मिळणार होती? नवरा जिता, धडधाकट, माझ्याच घरात."

"पोहोचवायचं कोण?"

"बांगडीवाली खैरून. तिचा फेरा डोंगरापल्याड असायचा. ती गेली, तिची सून आली. दर दिवाळीला लुगडं जायचं आणि निरोप यायचा. एका साली हिरवं इरकल धाडलं, तर म्हणं, 'काठ बारीक हाय. सासूला सांग, मेलेली बाई नाराज हाय.'"

"तुम्ही पुन्हा भेटला नाहीत?"

"न्हाई."

"एकदाही?"

आईनं मान हलवली. ही एक गोष्ट सांगताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"आबांना माहीत होतं?"

"त्यांनीच तर माझ्या बापाला सांगितलं होतं, डोळ्यात पाणी आणून."

"तसं नाही. तुला कळलंय, हे त्यांना माहीत होतं?"

"चहा ठेव," आई म्हणाली.

मी उठले नाही. यंत्र बंद करायला हात पुढं केला, तर तिनं माझं मनगट धरलं.

"ह्यांचं झालं तेव्हा निरोप धाडला तिला. म्हणलं, माझ्या बांगड्या फोडल्या, तुझं काय? तर म्हणली, 'मेलेल्या बाईला रांडाव कशी करणार? माझं कुंकू हाय तसं हाय.' अजून लावती म्हणं, रुपयाएवढं."

"आई, हे सगळं रेकॉर्ड झालंय. सीडीत जाईल."

"त्यासाठीच सांगितलं. तिला इचारून सांगितलंय. म्हणली, आता मला नांदाय धाडणारं कोण राहिलंय, सांग. माले, समद्या भावकीत तिला मेलेली ठेवायची आणि मी मधी बसून पंचाहत्तरीचा हार घालून घ्यायचा, हे मला हुणार न्हाई. सीडीत ती जिती पाहिजे. न्हाईतर सीडी नको आणि हार बी नको. आता ठेव चहा."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दादा सकाळीच आला. आला तो तात्यांना शेजारच्या घरातून घेऊनच. कार्यक्रम कुठं, मंडप केवढा, पंगतीत जिलेबी की बुंदी, हे ठरवायचं होतं. तात्या खुर्चीत बसले आणि नेहमीसारखी तंबाखू मळू लागले.

"किती झालं रेकॉर्डिंग?" दादानं विचारलं. "नमुना ऐकव बघू."

मी आईकडे पाहिलं. तिनं पापणी मिटून उघडली. मी आदल्या दिवशीची फाइल लावली.

सुरुवातीला दादा मान डोलवत होता. 'अजून हाय' आलं तेव्हा त्याची मान थांबली. तात्यांचा अंगठा तळहातावर थांबला. नाकाच्या ठिकाणी आई स्वतःच पुन्हा हसली. बाकी कुणी हसलं नाही. लुगड्यांपर्यंत आलं तसं दादानं हात पुढं करून यंत्र बंद केलं. त्याला बटण माहीत नव्हतं, म्हणून त्यानं वायरच उपसली.

"हे काय आहे?"

"आईच्या आठवणी," मी म्हटलं.

"आठवणी? आई, हे कुणी घातलं तुझ्या डोक्यात?"

तात्यांनी तंबाखू दाढेत धरली. "वहिनी, वय झालं की कायबाय आठवतं माणसाला. माझ्या सासूला शेवटी शेवटी म्हसोबा दिसायचा. रोज चहाला यायचा."

"तात्या," आई शांतपणे म्हणाली, "टाक करवाय सोनाराकडं कोण गेलं होतं?"

तात्या तंबाखूची डबी चाचपू लागले.

"बोला की. म्हसोबा गेलता?"

"मी... मला थोरल्यानं धाडलं होतं. मी तेव्हा केवढा होतो! मिसरूड न्हवतं फुटलं."

"मग सोनाराला नाक तरी नीट सांगायचं."

दादानं तात्यांकडे पाहिलं. ते बघणं मी कधी विसरले नाही. त्याचा तोपर्यंत खरंच समज होता की आईला भास झालाय. तात्या त्याची नजर चुकवून खिडकीतून पिंक टाकायला उठले, तेव्हा त्याला कळलं.

तो माझ्याकडे वळला. "माला, एवढा भाग काढून टाक."

"केवढा?"

"हौसाबाईचा सगळा. बाकीचं चांगलंय. शाळेचं, पुराचं. ते राहू दे."

"मी काढणार नाही."

दादाला माझ्याकडून हा शब्द ऐकायची सवय नव्हती. आमच्या घरात दादा ठरवायचा आणि मी ते नीट करायची.

"आमच्या प्रयोगशाळेत मोजणीचा आकडा नको तसा आला म्हणून खोडत नाहीत," मी म्हटलं. "चुकीचं असेल तर त्यावर एक सरळ रेघ मारतात. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला सही करायची. हे तर चुकीचंही नाही."

"हे पाणी नाही, माला!"

"पाण्याचं मी इतकं जपते, तर हिचं किती जपायला पाहिजे, सांग."

"तुला कळतंय का, याचा अर्थ काय होतो?" त्याचा आवाज चढला. मग तो आईसमोर, सतरंजीवर गुडघे टेकून बसला आणि आवाज आपोआप खाली आला. "आई, ती बाई जिवंत असेल, तर तुमचं लग्न कायद्यानं लग्नच नाही. मग आम्ही कोण? माझ्या ऋतुजाच्या सोयरिकीचं चाललंय. पुढची माणसं विचारतील, तुझा बाप कोण? काय सांगायचं?"

"सांग, सगुणाबाईचा ल्योक," आई म्हणाली. "पोटातनं आलास तो काय कायद्याला इचारून आलास व्हय?"

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा न्हाई रं. लग्न खोटं ठरलं तर ठरू दे. मी नांदले ते तर खोटं न्हाई. तुमच्या आजीचं हगणंमुतणं काढलं, ते खोटं न्हाई. कुणी इचारलं तर माझ्याकडं धाड. मी सांगते."

तात्या खिडकीतून वळले. "पण वहिनी, थोरल्याचं नाव जातंय यात. भला माणूस होता. गावात एकानं वाईट म्हणलं न्हाई त्याला कधी."

"मी तरी कुठं म्हणतेय? भलेच होते."

"मग मेलेल्या माणसाला कशाला उकरायचं?"

"तुम्ही जित्या माणसाला पुरलंत, तात्या, ते चाललं?"

तात्यांनी पुन्हा तोंड खिडकीकडे केलं. पण पिंक टाकण्यासारखं काही उरलं नसावं.

"आबांशी बोलायचं होतंस मग," दादा म्हणाला. "एवढी वर्षं होती. त्यांच्या तोंडावर बोलायचं. आता ते उत्तर द्यायला नाहीत, आणि तू हे सगळ्या भावकीला ऐकवणार!"

काल मी आबांबद्दलच विचारलं होतं आणि तिनं चहा ठेवायला सांगितला होता. मला वाटलं, आताही काहीतरी ठेवायला सांगेल.

"मी कशाला बोलू?" ती म्हणाली. "खोटं मी बोलले होते? जो बोलला, त्यानं फेडायचं. मी वाट बघितली, जयसिंग. दर दिवाळीला त्यांच्यासमोर बसून टाकाला लुगडं लावायची. मुद्दाम त्यांच्यासमोर. वाटायचं, आत्ता म्हणतील, सगुणा, काढ ते गळ्यातलं. ते बघायचे, आणि वैरण टाकाय गोठ्यात जायचे. त्या लुगड्याचे पैसे तेच द्यायचे. एकदा बी इचारलं न्हाई, की मेलेल्या बाईला वेगळं लुगडं कशाला. म्हणजे त्यांना ठाऊक होतं, की मला ठाऊक हाय. मग बोलायचं काय राहिलं होतं? नुसतं तोंड उघडायचं. शेवटच्या दुखण्यात मी उशाला बसलेली. त्यांनी हात उचलला आणि टाकावर ठेवला. मी वाकले. म्हणलं, बोला. बोला आता. तर म्हणले, पाणी दे."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. खिडकीची काच थरथरली आणि थांबली.

"मी दिलं पाणी," आई म्हणाली.

दादाचे डोळे भरले होते. तो वाईट माणूस नव्हता, आजही नाही. त्यानं रुमाल काढला, चष्मा पुसला आणि मुख्याध्यापकाला जे जमतं ते केलं. तोडगा काढला.

"हे बघ. असं करू. आपण तेवढा तुकडा नव्यानं घेऊ. तू एवढंच म्हण, यांची पहिली बायको होती, ती या घरात राहिली नाही. बस. यात खोटं काही नाही. कुणाची बदनामी नाही. तुझ्याही मनाला लागणार नाही आणि लोकांनाही नाही."

"चांगलंय की," तात्या पटकन म्हणाले. "राहिली न्हाई. बरोबर. राहिली न्हाईच ती."

"बोलशील, आई?" दादानं तिचा हात हातात घेतला. "माझ्यासाठी?"

आईनं त्याच्याकडे पाहिलं. तिचा हा मुलगा लहानपणी झोपेत तिचा पदर मुठीत धरून ठेवायचा, हे तिनं मला पहिल्याच दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये सांगितलं होतं.

"बोलते," ती म्हणाली. "लाव गं माले."

दादानं सुस्कारा सोडला. मी वायर पुन्हा खोचली. माझा हात या वेळी हलत नव्हता.

"दादा," मी म्हटलं, "मी लावते. पण आई जे बोलेल ते राहील. नंतर त्यातला एक शब्द मी काढणार नाही, आणि कालचंही जसंच्या तसं राहील."

"बरं, बरं. लाव तर खरं."

तात्या खुर्ची ओढून जवळ आले. आईनं डोक्यावरचा पदर नीट केला, पाठ भिंतीपासून सोडवली आणि ताठ बसली. फोटो काढताना बसतात तशी.

"चालू झालं?"

"झालं."

"मी सगुणा बोलतेय," आई म्हणाली. सावकाश, एकेक शब्द सुटा. "भावकीतल्या थोरामोठ्यांनो, लेकीसुनांनो, ऐका. माझ्या नवऱ्याची पहिली बायको हौसाबाई. तिनं या घरातला अन्याय सोसला न्हाई. घागर ठेवून निघून गेली. तुमच्यातल्या थोरांनी तिला मेली म्हणून सांगितलं. ती जिती हाय."

"आई!" दादा म्हणाला.

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि यंत्राकडेच पाहत राहिली.

"दवाखान्यातनं निघाले तेव्हापासनं माझ्या मनात होतं, की एकदा उघड तिच्या दारात जायचं. म्हणलं, पोरं जरा मोठी हुंदेत. मग म्हणलं, मालीला शिकू दे. मग सासूबाई हायेत तवर नको. मग हे हायेत तवर नको. कुणीतरी हायेच, म्हणून मी हितंच."

तात्यांनी हात पुढं केला, बहुतेक यंत्राकडे. मी ते उचलून माझ्या मांडीवर घेतलं. तांबडा ठिपका लागलेलाच होता. दादा आईच्या तोंडाकडे बघत होता, वर्गात नवीन काही सांगितलं जात असताना मुलं बघतात तसा.

आईनं माझ्या मांडीवरच्या यंत्राकडे तोंड वळवलं.

"मंडप हितं घालू नका. माझी पंचाहत्तरी हौसाबाईच्या दारात हुईल, तिच्या शेजारी बसून. मी उद्याच्या पहिल्या एसटीनं तिकडं निघालेय. ज्याला यायचं त्यानं डोंगर चढून यावं."